अंबरनाथची थंडी आणि आपाची सुमो

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर करत अंबरनाथला पोहोचते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे डब्यातली माणसे मफलर आणि कानटोप्या बाहेर काढू लागतात. मुंबईच्या माणसाला याची गंमत वाटते. पण या पट्ट्यातली थंडी खरी असते. दक्षिणेला मलंगगड, ताहुली, चंदेरी अशी डोंगरांची रांग उभी आहे आणि तिच्यामागे माथेरान. रात्री डोंगरउतारावरची जड, गार हवा खाली उतरते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात साचून राहते. वारा पडलेला असतो. वर ऊबदार हवेचे झाकण बसते. मग या हवेत जे सोडाल ते तिथेच तरंगत राहते, चुलीचा धूर असो, कारखान्याचा असो की गाडीचा.

अंबरनाथला धूर नवा नाही. गावाची जुनी ओळख वालधुनीच्या काठच्या काळ्या दगडी शिवमंदिराची. शिलाहार राजांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. विसाव्या शतकात गावाची दुसरी ओळख तयार झाली, कारखान्यांची. पश्चिमेला आयुध कारखाना आला, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आला, स्वीडिश कंपनीची विमको ही काड्यापेट्यांची फॅक्टरी आली. विमको नाका हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून आहे. पुढे एमआयडीसी झाली आणि रसायनांचे लहान-मोठे कारखाने वाढले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या रस्त्यांवर रात्री धुक्यासारखा थर पसरला, लोकांचे डोळे आणि घसे चुरचुरू लागले. त्यामुळे इथे पहाटे डोळे झोंबले की माणूस आधी खिडकी लावतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, "आज कोणी सोडलं?"

आमच्या आपाच्या गल्लीत या प्रश्नाचे उत्तर गेले दोन हिवाळे एकच होते. आपाची सुमो.

आपा अंबरनाथ पश्चिमेला राहते. दुल्हाभाईंचे निधन होऊन तीन वर्षे झाली. त्यांच्यामागे राहिली ती दोन खोल्यांची जागा, एक मुलगा, एक मुलगी आणि २००२ सालची पांढरी टाटा सुमो. या गाडीतून आम्ही सगळे कोकणातल्या गावी लग्नांना गेलो, ईदला गेलो, एकदा वांगणीच्या पुढे आजारी फूफीला रात्री दोन वाजता आणायला गेलो. सुमो १९९४ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले, हे आजही पुष्कळांना ठाऊक नसते. जपानी पैलवानांशी तिचा संबंध नाही, जरी बसायला-उठायला ती तशीच भारी असली.

आता गाडी विकायची ठरली होती. भाचीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. एका गॅरेजवाल्याने धुराचे ऐकून "हाफ इंजिन करावं लागेल" असे सांगितले आणि पंचेचाळीस हजारांचा आकडा दिला. म्हणजे गाडीची जी काही किंमत आली असती, तिच्यातला मोठा वाटा विकण्याआधीच खर्च. मग भाच्याला दुसरा मार्ग सुचला. नेरळकडचा एक गिऱ्हाईक रविवारी अकरा वाजता येणार होता. भाचा म्हणाला, "दहा वाजता चालू करून ठेवतो. एकदा गरम झाली की धूर बिलकुल नसतो. त्याला कळणार पण नाही."

आपाने त्याला रागावले नाही. ती एवढेच म्हणाली की मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) खालचे ओले दाणे वर काढले होते, तो दुकानदारही म्हणाला असेल की वरून कळणार नाही. मग तिने आम्हाला फोन केला. आम्ही दोघे, म्हणजे भाच्याचे मामू आणि मुमानी, शुक्रवारी संध्याकाळी अंबरनाथला उतरलो. आमच्यातल्या एकाची वीस वर्षे डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली आहेत आणि दुसरीला नाकाने वास ओळखण्याची देणगी आहे. या कामात दोन्हींचा उपयोग झाला.

भाचा लगेच बोनेट उघडायला धावला. त्याला थांबवले. थंड गाडीचा आजार गरम गाडीत दिसत नाही. त्यामुळे पहिला उपाय हाच की रात्रभर तिला हात लावायचा नाही. गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलात तर ती वाटेत गरम झालेली असते आणि मिस्त्री जे पाहतो ते अर्धेच असते. आपाची गाडी पाहणाऱ्या त्या गॅरेजवाल्यानेही ती दुपारीच पाहिली होती. सकाळची पाहिलीच नव्हती.

शनिवारी फजरची नमाज झाली. गल्लीत अजून अंधार होता, मशिदीतून परतणारे दोघे-तिघे कान झाकून चालले होते. आमच्या आधी समोरचा दुधाचा टेम्पो चालू झाला. त्याने एक काळा भपका सोडला आणि गप्प झाला. कोपऱ्यावरची जुनी जीप निळसर धुराची शेपटी लावून निघून गेली. मग आमची पाळी. भाच्याने चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा लागला, विझला. स्टार्टर बराच वेळ फिरला. गाडी एकदाची उठली ती थरथरत, तीन पायांच्या खाटेसारखी. आणि सायलेन्सरमधून निघाला पांढरा, दाट, रेंगाळणारा धूर. अर्ध्या मिनिटात गल्ली भरली. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली. त्या घरात दम्याचा त्रास असलेला सात वर्षांचा मुलगा आहे. आपाने मान खाली घातली. गाडी विकण्यामागे फी होतीच, पण ही खिडकीही होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच कल्पनेसाठी. हवा इतकी दाबायची की ती दाबण्यानेच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटेल. काड्यापेट्यांच्या गावात काडीशिवाय पेटणारे यंत्र! सुमोच्या या जुन्या १९४८ सीसीच्या इंजिनात हवा साधारण विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते आणि पाचशे अंशांच्या आसपास तापते. पण पहाटे लोखंड गार असते. दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. चावी फिरवली की त्याचे टोक लालबुंद होते आणि पहिल्या काही फवाऱ्यांना पेटायला मदत करते. हा प्लग मेला की त्या सिलिंडरमधले डिझेल न जळता, बारीक थेंबांच्या वाफेच्या रूपात बाहेर पडते. तोच पांढरा धूर. तो डोळ्यांना झोंबतो, कारण ते कच्चे डिझेलच असते.

धुराचा रंग पाहूनच निम्मे निदान होते, पण वास घेतल्याशिवाय नाही. पांढरा धूर दोन प्रकारचा. एक कच्च्या डिझेलच्या वासाचा, दुसरा पाण्याच्या वाफेचा. थंडीत थोडी वाफ प्रत्येक गाडीतून निघते आणि हातभर अंतरावर विरून जाते, तिची काळजी करू नये. पण ती गाडी गरम झाल्यावरही निघत राहिली, वास गोडसर आला, रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असले किंवा त्यात बुडबुडे येत असले, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे आणि गाडी चालवणे थांबवावे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रात्रभर उभ्या गाडीत झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून थोडे ऑईल खाली झिरपते, सकाळी एक निळा भपका येतो आणि संपतो. हा आजार जुनाट पण सौम्य. निळा धूर चढावर, वजन घेऊन, गरम गाडीतही येत राहिला तर मात्र रिंगा आणि लायनर झिजले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असेल, नोझल ठिबकत असेल, नाहीतर कोणीतरी 'पिकअप वाढवून देतो' म्हणत पंपाचा स्क्रू पिळलेला असेल. शेवटचा प्रकार आपल्याकडे फार.

आमच्यातल्या नाकवालीने सायलेन्सरपासून चार हात लांब उभे राहून निकाल दिला. कच्चे डिझेल. गोडसर वास नाही. अगदी पहिल्या क्षणी मात्र जळक्या ऑईलची एक झुळूक होती, तीही एकदाच. रेडिएटरचे पाणी काठोकाठ होते, भाचा म्हणाला महिन्यात घातलेच नाही. पाच मिनिटांनी धूर विरळ झाला, थरथर थांबली, दहा मिनिटांनी सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेले पांढरे फडके जवळजवळ पांढरेच राहिले.

आता रिंगांची शंका फेडायची होती, कारण पंचेचाळीस हजारांचा प्रश्न तिथेच होता. रिंगा झिजल्या तर दाब कमी पडतो आणि दाब कमी पडला तरी पहाटे असाच पांढरा धूर येतो. म्हणून नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. चालू इंजिनावर ऑईल भरायचे झाकण सैल करून वर नुसते ठेवून पाहिले. ते थोडे थरथरले, उडाले नाही, भपकारे आले नाहीत. चांगली खूण. मग आपाला आणि मुलांना गाडीत घातले आणि चढावाची परीक्षा घ्यायला मलंगगडाकडे निघालो.

अंबरनाथहून नेवाळी फाट्याला आलात की उजवा-डावा दोन्ही बाजूंना मोकळी जमीन दिसते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे विमानांची धावपट्टी केली होती. या जमिनीवरून शेतकऱ्यांचे आंदोलन २०१७ मध्ये पेटले होते. अंबरनाथशेजारचे उल्हासनगरही मूळचे त्याच युद्धातले, कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि त्यांनी त्या बराकींचे शहर केले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले.

नेवाळीहून मलंगवाडीपर्यंत रस्ता गडाच्या पायथ्याला जातो. सकाळच्या उन्हात गडाचा सुळका धुक्यातून वर आलेला होता. माघ पौर्णिमेच्या उरुसाला हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. वर हाजी मलंग बाबांचा दर्गाह आहे. तिथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर घराण्याकडे चालत आलेली आहे. आपाच्या लहानपणी, अब्बा आम्हाला बोट धरून पायऱ्या चढवत तेव्हा, हे कोणालाही विशेष सांगावेसे वाटत नसे. ते तसेच असते अशी आमची समजूत होती. आज ते सांगावे लागते, म्हणून सांगितले.

सात माणसे भरलेली सुमो शेवटच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढली. मागे बसलेल्या भाचीला मागच्या काचेतून धुरावर लक्ष ठेवायचे काम दिले होते. तिने दोनदा "काही नाही" आणि एकदा "थोडा काळा" असे सांगितले. काळा आला तो भाच्याने उगाच पाय दाबला तेव्हा. निळा आला नाही. पायथ्याशी चहा घेतला, वर चढलो नाही. आपाचे गुडघे आता ते मान्य करत नाहीत. तिने खालूनच फातिहा पढली आणि आम्ही परत फिरलो.

दुपारी कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. या रस्त्याने टपरीएवढी गॅरेजे ओळीने आहेत. कुठे फक्त पाटे, कुठे फक्त पंप-नोझल, कुठे डायनॅमो-स्टार्टर. मिस्त्रींनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच. "डिझेल कुठं भरता?" भाच्याने मोठ्या रस्त्यावरच्या पंपाचे नाव सांगितल्यावर ते निवले. रॉकेलची भेसळ झाली की पंपाला वंगण मिळत नाही, तो झिजतो आणि मग प्रत्येक सकाळ धुराची. या भेसळीच्या धंद्याने आपल्याच राज्यात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांचा २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळून बळी घेतला. चार रुपये स्वस्त मिळते म्हणून ड्रममधले डिझेल घेणाऱ्याने ते नाव आठवावे.

मग त्यांनी हीटर प्लगांना जोडणारी पट्टी काढली. बारा व्होल्टचा एक बल्ब घेतला, एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. पहिल्या प्लगवर बल्ब लागला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर लागला. एवढीच परीक्षा, अर्ध्या मिनिटाची. प्लगच्या आतली तार शाबूत असेल तर त्यातून वीज जाते आणि बल्ब लागतो, तुटली असेल तर नाही. भाचा म्हणाला, "पण दिवा तर रोज लागतो!" डॅशबोर्डवरचा तो दिवा फक्त वेळ मोजतो. चारही प्लग मेले तरी तो इमानाने लागतो आणि विझतो. बाजारातले कितीतरी सुमोवाले त्या दिव्यावर भरवसा ठेवून आहेत.

खात्रीसाठी गाडी थोडी थंड होऊ दिली आणि चालू करून एकेका नोझलच्या पाईपचे नट क्षणभर सैल केले. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला इंजिन लगेच अडखळले. दुसऱ्या-तिसऱ्याला फारसा फरकच पडला नाही, म्हणजे ते थंडीत काम करतच नव्हते. हा प्रयोग घरी करू नका. नोझल जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीतही शंभर-दीडशे बार दाबाला उघडते आणि असा फवारा कातडीच्या आत घुसतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत तर हजार बारच्या वर दाब असतो, तिथे हे नट मिस्त्रीनेही सोडू नये. तसेच, एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून किंवा स्टार्टिंगचा स्प्रे मारून गाडी उठवायची सवय काहींना असते. लालबुंद हीटर असलेल्या इंजिनात स्प्रे मारणे म्हणजे पिस्टन फोडून घेणे आहे.

प्लग काढलेच होते, म्हणून त्याच भोकांत गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजला. तिघांचा सव्वीस-सत्तावीस बार, एकाचा चोवीस. बावीस-तेवीस वर्षांच्या गाडीला हे पुष्कळ झाले. मिस्त्री गेज पुसत म्हणाले, "रिंगा बदलायच्या असतील तर बदलून देतो. पण कशाला?" हाफ इंजिनचा विषय तिथे संपला.

एक गोष्ट उरली होती. स्टार्टर इतका वेळ का फिरत होता? डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहिला तर पंधरा-वीस वेळा तो पोकळच लागला. रात्री कुठूनतरी हवा शिरत होती आणि लाईनमधले डिझेल मागे टाकीत उतरत होते. मिस्त्रींनी रबराच्या नळीऐवजी तात्पुरती पारदर्शक नळी लावली. बुडबुडे दिसले. टाकीजवळची नळी क्लिपखाली चिरली होती. चिरलेली नळी म्हणजे डिझेल गळेलच असे नाही, ती कधीकधी फक्त हवा ओढते आणि खाली एक थेंबही पडत नाही. हीटरच्या रिलेच्या टोकांवर हिरवा गंज होता. त्यांनी विचारले, "गाडी पाण्यात होती का?" होती. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, त्या रात्री सुमो बदलापूरला नातेवाइकांच्या दारात उभी होती आणि पाणी बोनेटपर्यंत आले होते. दुल्हाभाईंनी ती चालू न करता टोचन लावून आणली, म्हणून इंजिन वाचले. गंज मात्र हळूहळू आपले काम करत राहिला. या खोऱ्यात सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने त्या वर्षी गाडी कुठे उभी होती हे जरूर विचारावे आणि सीटखालच्या वायरींची टोके उघडून पाहावीत.

सामान आणायला उल्हासनगरला गेलो. इथल्या बाजारात सुईपासून सोफ्यापर्यंत सगळे मिळते. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद तिथला दुकानदारच गिऱ्हाईकाला ऐकवतो. आम्ही म्हणालो, आज ओरिजिनलच द्या. त्याने दोन डबे काढले आणि स्वतःच स्वस्त डबा बाजूला सारला. प्लग चारही नवे घेतले. दोन नवे, दोन जुने असे घातले तर ते सारखे तापत नाहीत. चार प्लग, रिले, नळी, क्लिपा, फिल्टर आणि मिस्त्रींची मजुरी मिळून चार हजारांच्या आत काम झाले. व्हॉल्व्ह सील केले नाहीत. त्यासाठी हेडचे काम निघाले असते आणि त्या एका भपक्यासाठी तेवढा खर्च आपाला परवडणारा नव्हता.

पीयूसीचे एक सांगायला हवे. भाच्याचा युक्तिवाद होता की गाडी पीयूसीत पास आहे, मग धूर बेकायदा कसा? जुन्या डिझेल गाडीची चाचणी इंजिन गरम करून, अॅक्सिलरेटर दाबून घेतात आणि धुराची अपारदर्शकता मोजतात. बीएस-चारच्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे. थंड पहाटेची ती पाच मिनिटे या मोजमापात येतच नाहीत. ती मोजली जातात वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या छातीत. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. गाडी सुधारेपर्यंत निदान ती गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभी करावी, बंद शेडमध्ये तर कधीच चालू ठेवू नये.

आपाने त्या गिऱ्हाइकाला शनिवारी रात्रीच फोन केला आणि अकराऐवजी साडेसहाला बोलावले. तो चकित झाला, पण पहिल्या लोकलने आला. तिशीतला मुलगा, अंगावर लोकरी जाकीट, हात चोळत. आपा म्हणाली, "आधी बोनेटवर हात ठेव, भाऊ. थंडगार आहे ना? आता तू स्वतः चावी फिरव."

दिवा लागला. भाच्याने सांगितल्याप्रमाणे तो विझेपर्यंत थांबला. दुसऱ्याच फेऱ्याला गाडी उठली. एक निळा भपका आला, वर गेला, विरला. मागोमाग पातळ वाफ. थरथर नव्हती. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडीच राहिली. मुलगा खाली वाकून सायलेन्सरकडे पाहत होता. आपाने त्याला भपक्याचे कारण सांगितले, व्हॉल्व्ह सील बदललेले नाहीत हे सांगितले, २०१९ च्या पाण्याचे सांगितले. भाचा तिच्यामागे उभा राहून जमिनीकडे पाहत होता.

गिऱ्हाइकाने सीलच्या नावाने साडेतीन हजार कमी केले. आपाने ते मान्य केले. हाफ इंजिन करून विकली असती तर हातात यापेक्षा कितीतरी कमी राहिले असते, हा हिशेब भाच्याने मग आपणहून वहीत मांडला. आरसी २०२७ पर्यंत नव्याने केलेली होती, विमा चालू होता. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. एमएच ०५ म्हणजे कल्याण आरटीओ, तिथे सोमवारी बरोबर जायचे ठरले, कारण नाव बदलेपर्यंत गाडीचे जे काही होईल त्याचे कागद आपल्याच दारात येतात.

तो निघाला तेव्हा आपा पुन्हा खिडकीपाशी गेली. जुन्या प्लगांतले जे दोन चांगले निघाले होते, ते तिने वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून डॅशबोर्डच्या खणात ठेवले होते. कोणत्या खणात, तेही तिने त्याला सांगितले.